व्यक्तिनुरूप आणि समग्र थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रांतून, दूरध्वनीवरून आणि भेट संपल्यावर दाराच्या कडीवर हात ठेवून जे प्रश्न थेरपिस्ट म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. (दाराशी विचारलेले प्रश्न बहुधा सर्वांत महत्त्वाचे असतात, असा माझा अनुभव आहे.) प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उदाहरणांतील व्यक्ती अनेकांच्या अनुभवांतून उभ्या केल्या असल्यामुळे त्यांत कोणाचीही ओळख शोधू नये. स्वतःला इजा करण्याचे किंवा जीवन संपवण्याचे विचार मनात येत असतील, तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी प्रश्न १४ वाचावा.

१. 'व्यक्तिनुरूप' आणि 'समग्र' हे शब्द हल्ली सगळेच वापरतात. तुमच्या कामात त्यांचा नेमका अर्थ काय?

प्रश्नातला सूर मला मान्य आहे. हे दोन्ही शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. माझ्यापुरता 'व्यक्तिनुरूप'चा अर्थ असा, की उपचाराची आखणी निदानाच्या नावावरून ठरत नाही. समोरच्या व्यक्तीचा त्रास कशाने सुरू झाला आणि मुख्य म्हणजे आज तो कशाच्या आधारावर टिकून आहे, यावरून ठरते. नैराश्याचे निदान झालेल्या दोघांपैकी एकाची झोप वर्षभर मोडलेली असते आणि दुसऱ्याला जिवलगाच्या मृत्यूनंतर रडायलाही उसंत मिळालेली नसते. नाव एक असले, तरी कामाची सुरुवात दोन वेगळ्या टोकांपासून होते.

'समग्र' म्हणजे विचार आणि भावना यांच्याबरोबर शरीर, झोप, नाती, काम, पैशांची ओढाताण आणि श्रद्धा यांचाही विचार करणे. ही कल्पना नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेतच आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती अशी केलेली आहे, आणि १९७७ मध्ये अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगल यांनी जैविक, मानसिक व सामाजिक घटक एकत्र पाहणारे प्रारूप मांडले. मात्र या सगळ्या बाजूंवर थेरपिस्टने स्वतःच उपचार करायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेक बाजूंविषयी माझे काम विचारण्याचे, नोंद करण्याचे आणि गरज पडल्यास योग्य व्यक्तीकडे पाठवण्याचे असते.

२. थेरपिस्ट, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांत फरक काय? मी आधी कोणाकडे जावे?

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे लिहून देऊ शकतात. थेरपिस्ट संवादाच्या आणि वर्तनबदलाच्या पद्धतींनी, बहुधा आठवड्यातून एकदा भेटून, दीर्घ काळ काम करतात. समुपदेशक साधारणपणे एखाद्या ठरावीक प्रश्नावर, म्हणजे नोकरीतला बदल, नात्यातला पेच किंवा परीक्षेचा ताण यांवर, कमी भेटींत मदत करतात. या सीमा सगळीकडे सारख्या काटेकोर नसल्यामुळे समोरच्या व्यक्तीला तिचे शिक्षण आणि प्रशिक्षण विचारण्यात संकोच बाळगू नये. ज्यांना हा प्रश्न अपमान वाटतो, त्यांच्याकडे न गेलेलेच बरे.

आधी कोणाकडे जावे, याचे ढोबळ उत्तर असे: भास होत असतील, दिवसेंदिवस झोपेची गरजच वाटत नसेल, अन्नपाणी सुटले असेल किंवा जिवाला धोका असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. इतर बहुतेक वेळी सुरुवात कोठूनही केली तरी चालते, कारण गरज दिसल्यास आम्ही एकमेकांकडे पाठवतोच.

३. मी मनाच्या त्रासासाठी आलो होतो. मग झोप, रक्ततपासणी, चालू औषधे, कॉफी यांबद्दल एवढी चौकशी कशासाठी?

कारण शरीराचे काही आजार मनाच्या आजाराचा वेश घेऊन येतात. थायरॉइडचे कार्य मंदावले, तर थकवा, उदासी आणि विस्मरण दिसते. ते वाढले, तर धडधड, थरथर आणि बेचैनी दिसते, म्हणजे वरवर पाहता नैराश्य किंवा चिंताच. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांचीही तीच कथा आहे. स्टेरॉइडसारख्या औषधांनी मनःस्थितीत मोठे चढउतार होऊ शकतात. कॉफीतील कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे सायंकाळी सहाचा मोठा कप रात्री अकरालाही जवळपास निम्मा शिल्लक असतो, आणि ज्याला आधीच धडधडीची भीती आहे त्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही.

या चौकशीवरून मी निदान करत नाही. शंका आली, तर डॉक्टरांकडून तपासून घेण्यास सुचवतो आणि थेरपी तोवर थांबवत नाही. ही चौकशी न केल्याचा परिणाम काय होतो, ते प्रश्न १६ मध्ये स्वतःच्या उदाहरणाने सांगितले आहे.

४. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कागदावर बाणांची आकृती काढता असे ऐकले. ते काय असते?

त्याला आम्ही 'मांडणी' म्हणतो, आणि व्यक्तिनुरूप उपचाराचा सगळा भार तिच्यावर असतो. त्रास काय आहे, त्याची जमीन कधी तयार झाली, ठिणगी कशाने पडली, तो आज कशामुळे टिकून आहे आणि या व्यक्तीच्या जमेच्या बाजू कोणत्या, या पाच गोष्टी एका पानावर येतात. पान दोघांनी मिळून भरायचे असते; मी एकट्याने भरलेले पान हा माझा तर्क असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. एकोणपन्नास वर्षांचे एक गृहस्थ दर रविवारी सायंकाळी छातीत धडधड होते, घाम फुटतो आणि आता संपलेच असे वाटते म्हणून आले. हृदयाच्या तपासण्या दोनदा होऊन निर्दोष ठरल्या होत्या. कागदाच्या मध्यभागी आम्ही लिहिले: 'रविवार, सायंकाळचे सहा'. तेथून बाण निघाले. धडधड, मग 'हा हृदयविकारच' हा विचार, मग नाडी मोजणे, मग छातीवर आणखी लक्ष आणि आणखी धडधड. डाव्या बाजूला लिहिले की वडील एक्कावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने अचानक गेले. खाली सोमवारची सकाळची बैठक, जिथे वरिष्ठ सर्वांसमोर आकडे विचारत. कोपऱ्यात रविवार दुपारची तीन तासांची झोप आणि त्यानंतरची कॉफी. उजवीकडे त्यांनी हळूहळू सोडून दिलेल्या गोष्टी: जिने चढणे, पोहणे, एकट्याने प्रवास करणे.

आकृती पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली, एक बाण खोडला आणि उलट दिशेने काढला. "मी धडधड झाल्यावर नाडी मोजत नाही," ते म्हणाले, "साडेपाचलाच मोजायला बसतो." तो बाण उलटा झाला आणि आमच्या कामाचा क्रमही बदलला. मी वडिलांच्या मृत्यूपासून सुरुवात करणार होतो. त्याऐवजी आम्ही आधी नाडी मोजणे थांबवले आणि डॉक्टरांच्या संमतीने जिने मुद्दाम भरभर चढून, वाढलेली धडधड आपोआप उतरते हे त्यांना स्वतःच्या शरीरावर पाहू दिले. वडिलांचा विषय सातव्या भेटीत त्यांनीच काढला.

हाच क्रम दुसऱ्या कोणाला लागू पडेल असे नाही. ज्या व्यक्तीला असेच झटके घरातील हिंसेमुळे येत आहेत, तिला जिने चढायला सांगणे हा क्रूरपणा ठरेल. तिच्या बाबतीत पहिले काम सुरक्षिततेचे.

५. तुम्ही नेमकी कोणती पद्धत वापरता? की थोडे हे, थोडे ते?

'थोडे हे, थोडे ते' या वृत्तीचा मलाही धाक वाटतो. वेगवेगळ्या पद्धतींतील तंत्रे हाताला लागतील तशी उचलणे याला व्यक्तिनुरूप उपचार म्हणता येणार नाही. तो थेरपिस्टचा गोंधळ असतो. माझ्या कामाचा कणा बोधनात्मक वर्तनोपचार, म्हणजेच विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी सीबीटी, हा आहे. १९६० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी तो नैराश्यासाठी विकसित केला; गंमत म्हणजे बेक मूळचे मनोविश्लेषण शिकलेले. त्याआधी, १९५५ च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली होती. मांडणीत नात्यांचा किंवा जुन्या आघाताचा धागा ठळक दिसला, तर त्या त्या कामासाठी सिद्ध झालेल्या पद्धती मी वापरतो किंवा त्यांत प्रशिक्षित सहकाऱ्याकडे पाठवतो.

पद्धतीचे नाव किती महत्त्वाचे, यावर या क्षेत्रात जुना वाद आहे. १९३६ मध्येच मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी असे सुचवले होते, की निरनिराळ्या पद्धतींचे यश त्यांच्यातील समान घटकांमुळे असावे. १९५७ मध्ये कार्ल रॉजर्स यांनी सहानुभाव, निरपेक्ष स्वीकार आणि थेरपिस्टचा खरेपणा यांवर भर दिला. १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी ध्येयावर एकमत, मार्गावर एकमत आणि दोघांतील बंध ही उपचारात्मक नात्याची तीन अंगे सांगितली. माझे मत विचाराल, तर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. सौम्य उदासीत नाते पुष्कळ काम करून जाते; पण मंत्रचळासारख्या, त्याच त्या शंका आणि कृतींनी घेरणाऱ्या विकारात केवळ चांगले नाते पुरत नाही (प्रश्न १३ पाहा).

६. किती भेटी लागतील?

चिंता किंवा नैराश्यासाठी सीबीटीचा प्रचलित आराखडा साधारण १२ ते २० भेटींचा, प्रत्येक भेट सुमारे ५० मिनिटांची असा असतो. एखादीच ठरावीक भीती असेल, तर त्याहून बरेच कमी लागू शकते. लहानपणापासूनचा आघात किंवा वर्षानुवर्षांचे नात्यांचे प्रश्न असतील, तर वर्ष किंवा अधिक. मी पहिल्या सहा भेटींनंतर थांबून हिशेब मांडतो. 'आयुष्यभर येत राहा' किंवा 'तीन भेटींत बरे करतो' असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

७. बरे वाटते आहे की तसे वाटण्याची सवय झाली आहे, हे कसे ओळखायचे?

अतिशय चांगला प्रश्न आहे, कारण थेरपिस्टचीही येथे फसगत होते. भेट छान झाली आणि क्लायंट हसतमुखाने गेले, की आम्हाला प्रगती होत असल्याचा भास होतो. म्हणून मी दर दोन आठवड्यांनी लहान प्रश्नावली भरून घेतो. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, मागील दोन आठवड्यांविषयीची प्रश्नावली आहे; तिचे गुण ० ते २७ असतात आणि ५, १०, १५ व २० हे अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र पातळीचे उंबरठे मानले जातात. चिंतेसाठी जीएडी-७ आहे, तिचे गुण ० ते २१. १८ वरून ९ वर येणे ही ठोस सुधारणा आहे. १८ वरून १७ वर येणे आठवड्यातल्या चढउतारांतही घडते.

प्रश्नावली सगळ्यांसाठी सारखीच असते, त्यामुळे तिच्या जोडीला प्रत्येकाची एक खासगी खूण ठरवतो. कोणी 'मी फोन वाजल्यावर तीन वेळा वाजू न देता उचलेन' असे लिहिते, कोणी 'अर्धवट राहिलेले विणकाम पुन्हा हातात घेईन' असे. गुण सुधारले आणि खूण हललीच नाही, तर काहीतरी सुटले आहे असे मी मानतो आणि पुन्हा प्रश्न ४ मधील कागदाकडे जातो.

८. थेरपी सुरू केल्यावर माझी औषधे बंद करता येतील ना? आणि वनस्पतिजन्य गोळ्या तर चालतीलच?

औषधांचा निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा असतो, आणि मी त्यांच्या परस्पर त्याविषयी बोलत नाही. नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम जाणवायला अनेकदा दोन ते सहा आठवडे लागतात, आणि ती एकाएकी थांबवल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि थेरपी यांची जोड बऱ्याचदा एकेकट्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते, त्यामुळे औषध घेणे हा थेरपीचा पराभव मानण्याचे कारण नाही.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज मात्र सोडून द्यावा. उदासीसाठी विकले जाणारे सेंट जॉन्स वर्ट नैराश्यविरोधी औषधांबरोबर घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन हे रसायन धोकादायक प्रमाणात वाढू शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा परिणाम त्यामुळे घटतो. आपण जे काही घेता, त्याची यादी मला आणि डॉक्टरांना, दोघांनाही द्यावी.

९. ध्यान, दीर्घश्वसन आणि व्यायाम हे तुम्ही सगळ्यांना सांगता का?

नाही. व्यायाम सौम्य ते मध्यम नैराश्यात खरोखर उपयोगी पडतो आणि तो सुचवताना मी फारसा कचरत नाही. तरी खाण्याच्या विकाराने वजन धोकादायकरीत्या घटलेल्या व्यक्तीला तोच सल्ला घातक ठरेल. ध्यान अनेकांना मानवते, पण गंभीर आघातातून गेलेल्या काहींना डोळे मिटून शांत बसताच नको त्या आठवणी उसळून येतात. अशा वेळी डोळे उघडे ठेवून, चालताना किंवा हातात एखादी वस्तू धरून सुरुवात करतो, नाहीतर ध्यान सोडूनच देतो.

दीर्घश्वसनाबद्दल एक बारकावा सांगण्यासारखा आहे. पॅनिकच्या झटक्यात माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे ओठ-बोटे मुंग्या आल्यासारखी होतात आणि गरगरते. त्या वेळी 'खोल श्वास घ्या' म्हटले, तर भर पडते. सांगायचेच तर श्वास सावकाश सोडायला सांगावे. आणि काही जणांच्या हाती श्वसनाचे तंत्र नाडी मोजण्यासारखेच नवे व्यसन बनते: ते केल्याशिवाय लिफ्टमध्ये पाऊल टाकवत नाही. मग ते तंत्रसुद्धा काढून घ्यावे लागते.

१०. झोपच लागत नाही. आधी मन बरे झाले, की झोप आपोआप येईल ना?

पूर्वी असेच मानले जात असे. आता निद्रानाशावर स्वतंत्रपणे आणि लवकर काम करावे असा कल आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून झोपेच्या गोळ्यांऐवजी निद्रानाशासाठीची सीबीटी सुचवली. त्यात अंथरुणावरचा वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवतात. परंतु बायपोलर विकारात झोप कमी झाल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि अपस्मारातही झोप तोडणे धोक्याचे असते. त्यामुळे हा प्रयोग मजकूर वाचून घरच्या घरी करू नये.

११. घरच्यांना तुम्ही काय सांगता? आणि घरचे यायलाच तयार नसतील तर?

क्लायंटच्या संमतीवाचून काहीही सांगत नाही. प्रौढ व्यक्तीच्या आईवडिलांना किंवा जोडीदारालाही नाही, आणि शुल्क ते भरत असले तरीही नाही. याला अपवाद आहेत व ते पहिल्याच भेटीत लेखी दिले जातात: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, बालकाचे शोषण आणि न्यायालयाचा आदेश. दुसऱ्याच्या जिवाच्या धोक्याविषयी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल जगभरच्या थेरपिस्टना शिकवला जातो. धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे थेरपिस्टचे कर्तव्य त्यात मान्य केले गेले. नेमके नियम ठिकाणानुसार बदलतात, म्हणून ते आपल्या थेरपिस्टकडून समजून घ्यावेत.

घरच्यांना बोलवायचे का, हे मांडणीवरून ठरते. त्रास टिकवणारा बाण घरातून जात असेल, तर एखाद-दुसरी एकत्र भेट दहा एकट्या भेटींचे काम करते. घरातील व्यक्तीलाच मदतीची गरज आहे आणि ती यायला तयार नाही, असे असेल, तर आपण स्वतः यावे. तिला ओढून आणण्याचा उपाय सांगता येत नाही, पण तिच्याशी कसे बोलावे, कोठे थांबावे आणि स्वतः कसे टिकून राहावे, यावर बरेच काम होऊ शकते.

१२. थेरपी सुरू केल्यापासून उलट जास्त त्रास होतो आहे. हे नेहमीचे आहे का? थेरपिस्ट बदलू का?

टाळलेल्या गोष्टींकडे पाहायला सुरुवात केली, की पहिले काही आठवडे जड जाऊ शकतात. भेटीनंतर एक-दोन दिवस मन जड राहणे आणि मग पूर्ववत होणे, यात घाबरण्यासारखे काही नसते. त्रास आठवड्यामागून आठवडे वाढतच असेल, दैनंदिन कामे सुटू लागली असतील किंवा भेटीच्या विचारानेच धास्ती वाटत असेल, तर मात्र ते 'बरे होण्याआधीचे दुखणे' म्हणून सोसू नये. आघातानंतर लगेच, एकाच भेटीत सारी घटना तपशिलाने वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी सर्रास वापरली जाई. तिने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा वाढू शकतो, असे आढळल्यावर ती मागे पडली. यावरून आमच्या क्षेत्राने शिकायला हवे होते, आणि काही प्रमाणात शिकलेही.

बदलण्याआधी एकदा थेरपिस्टला स्पष्ट सांगून पाहावे: 'मला येथे ऐकून घेतल्यासारखे वाटत नाही' किंवा 'आपला वेग मला झेपत नाही.' उत्तर बचावाचे आले, तर बदलावे. मी सुचवलेल्या सहकाऱ्याकडे गेलेल्यांपैकी काही जण तेथे झपाट्याने सुधारले, आणि ते मला थोडे लागले हेही खरे.

१३. उपचार व्यक्तिनुरूप आहे, तर मला ज्याने बरे वाटते तेच का करत नाही? मी विचारतो तेव्हा 'काही होणार नाही' एवढे तरी का म्हणत नाही?

ही तक्रार विशेषतः मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असलेल्यांकडून येते, आणि ती अगदी समजण्यासारखी आहे. परंतु या विकारात दिलासा मागणे हाच आजाराचा एक भाग असतो. 'दार नीट लावले ना?' या प्रश्नाला मी 'हो' म्हटले, की वीस मिनिटे शांत जातात आणि एकविसाव्या मिनिटाला शंका अधिक जोराने परत येते. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी भीतीला सामोरे जाणे आणि त्याच वेळी ती शमवणारी कृती न करणे, अशी पद्धत वापरून पाहिली. आज ती मंत्रचळावरील प्रमुख मानसशास्त्रीय पद्धत आहे. आपल्या आवडीनुसार वेग, क्रम, शब्द आणि उदाहरणे बदलता येतात. दिलासा न देण्याचा नियम बदलता येत नाही.

तसेच 'नोकरी सोडू का?', 'लग्न मोडू का?' यांवरही मी थेट सल्ला देत नाही. निर्णयाचे परिणाम ज्याला भोगायचे आहेत, त्याचाच निर्णय असावा. हिंसा किंवा जिवाचा धोका असेल, तेथे हे लागू नाही; तेथे मी स्पष्ट बोलतो.

१४. मला कधी कधी जगावेसे वाटत नाही. हे सांगितले, तर तुम्ही लगेच रुग्णालयात दाखल कराल का?

नाही, लगेच नाही. असे विचार पुष्कळांना येतात, आणि ते सांगितल्याने किंवा कोणी विचारल्याने बळावत नाहीत. मी विचारतो ते असे: विचार किती वेळा येतात, काही योजना ठरली आहे का, साधन हाताशी आहे का, आणि आजवर कशामुळे थांबलात. उत्तरांनुसार आपण मिळून सुरक्षा-योजना लिहितो. तिच्यात धोक्याची पहिली चिन्हे, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, फोन करता येईल अशी माणसे, तातडीच्या सेवेचे क्रमांक आणि साधने दूर ठेवण्याची व्यवस्था असते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कमी भावनिक आणि सर्वांत परिणामकारकांपैकी एक आहे, कारण अनेकदा तीव्र ऊर्मी काही तासांत ओसरते.

योजना ठरली असेल आणि साधन जवळ असेल, तर हा मजकूर वाचत बसू नये. आपल्या भागातील तातडीच्या सेवेला किंवा आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनला आत्ताच फोन करावा आणि एकटे राहू नये.

१५. मी रात्री चॅटबॉटशी बोलतो. तो मला तुमच्यापेक्षा चांगला समजतो असे वाटते. यात काही गैर आहे का?

गैर काहीच नाही, आणि हे वाटणेही नवे नाही. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा, बोलणाऱ्याचीच वाक्ये प्रश्नांच्या रूपाने परत करणारा साधा प्रोग्राम तयार केला होता. त्याच्याशी बोलताना त्यांच्या सचिव महिलेने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. रात्री दोन वाजता मन मोकळे होत असेल, तर होऊ द्यावे. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. प्रश्न १३ मधला दिलासा तो न कंटाळता शंभर वेळा देऊ शकतो, आणि प्रश्न ४ मधल्या गृहस्थांप्रमाणे आपण कधी गप्प झालात, हे त्याला दिसत नाही. त्या संभाषणाविषयी भेटीत मोकळेपणाने बोलावे. मी रागावत नाही.

१६. तुमची मांडणीच चुकली तर?

चुकते. प्रश्न ७ मधील मोजमाप त्यासाठीच आहे, पण तेही नेहमी वेळेत सावध करत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई सततचा थकवा आणि निरुत्साह घेऊन आल्या. बालपणी घरात राग व्यक्त करायला मनाई होती, असे त्यांनी सांगितले आणि मला लगेच एक देखणी मांडणी सुचली: दाबलेला राग, त्यातून आलेला थकवा. पाच महिने आम्ही रागावर काम केले. त्यांना ते पटतही होते, आणि त्यामुळेच मी बेसावध राहिलो. गुण जागचे हलत नव्हते. मी त्याला 'प्रतिकार' असे नाव देऊन मोकळा झालो होतो. अखेर दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत त्यांचे थायरॉइडचे कार्य खूपच मंदावलेले आढळले. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत थकवा उतरला.

मी चूक त्यांच्यापुढे कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, की राग दाबला होता हे खरेच होते, पण जिना चढताना पाय उचलत नव्हते त्याचे कारण ते नव्हते. नव्या क्लायंटना दिल्या जाणाऱ्या अर्जात 'शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली?' हा प्रश्न पूर्वी तिसऱ्या पानावर 'इतर माहिती'खाली होता. तो आता पहिल्या पानावर, नाव आणि वय यांच्या लगेच खाली आहे.